पहिले वेल्डिंग मशीन कोणते घ्यावे आणि शिकायला सुरुवात कुठून करावी?

माळावरची_वस्ती

नमस्कार. बार्शी तालुक्यात आमची आठ एकर जिरायत शेती असून आमची वस्ती गावापासून तीन किलोमीटरवर आहे. गेल्या वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर कुळवाच्या दांडीचा सांधा सुटला. गावात वेल्डिंगचे एकच दुकान आणि तिथे ट्रॅक्टरांची रांग लागलेली, त्यामुळे तीन दिवस कुळव दुकानासमोर पडून राहिला आणि तेवढ्यात रानाचा वाफसा निघून गेला. दुकानदाराचा यात काही दोष नव्हता, पण हे काम आपल्याला घरी करता आले पाहिजे, असे त्या दिवसापासून मनात पक्के बसले आहे.

मला औजारांची किरकोळ दुरुस्ती करायची आहे, शेळ्यांच्या गोठ्याला चौकोनी पाइपचे फाटक करायचे आहे आणि जमल्यास ट्रॉलीच्या फाळक्याच्या बिजागऱ्या बदलायच्या आहेत. आजवर मी वेल्डिंगची काडी पकडायचा होल्डर हातातही धरलेला नाही. वस्तीवर सिंगल फेज वीज आहे, मात्र संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरते. थ्री फेज पंपासाठी पाळीनेच मिळते. सगळे मिळून पंधरा हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. एका दुकानाने मला ४०० अँपिअरचे जुने मशीन सुचवले, तर दुसऱ्याने तार सोडणारे बिनगॅसचे मशीन दाखवले. आपण जाणकारांनी कारणांसह सांगितले तर निर्णय घेणे सोपे जाईल.

संधाता_कोल्हापूर

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डिंग शिकवते. आमच्याकडे या व्यवसायाचे सरकारी नाव ‘संधाता’ असे आहे आणि मला ते फार आवडते, कारण सांधणे हेच या कामाचे मर्म आहे.

तुमची कामे पाहता काडीने चालणारे, म्हणजे रॉडचे, सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन (इलेक्ट्रॉनिक बांधणीचे हलके वेल्डिंग मशीन, घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे) घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शेतातले लोखंड गंजलेले, मातीने माखलेले आणि जाडीला कमीजास्त असते. काम उघड्यावर, वाऱ्यात करावे लागते. या परिस्थितीत रॉडची पद्धत इतर कोणत्याही पद्धतीपेक्षा अधिक सोसते, कारण रॉडवरचे आवरण जळताना स्वतःच वायू निर्माण करून वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवते आणि वर खपली धरून त्याला हळूहळू थंड होऊ देते. ४०० अँपिअरचे तेलातले मशीन दणकट असते हे खरे, पण त्याला दोन फेज लागतात, ते हलवायला दोन माणसे लागतात आणि तुमच्या कामाला १३० अँपिअरच्या वर जाण्याची वेळ क्वचितच येईल.

रॉडबाबत सुरुवातीला एवढेच लक्षात ठेवावे की दुकानात ‘बारा नंबर’ म्हणून मिळतो तो २.५ मिलिमीटरचा आणि ‘दहा नंबर’ म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा. पुड्यावर ६०१३ हा रॉडच्या प्रकाराचा अंक पाहून घ्यावा. बारा नंबरला साधारण ७० ते ९० आणि दहा नंबरला १०० ते १३० अँपिअर लागतात. शिकण्यासाठी बारा नंबरचाच पूर्ण पुडा आणावा आणि तो संपेपर्यंत दुसरा रॉड हातात धरू नये.

पंधरा हजारांतले निम्म्याहून अधिक पैसे मशीनवर घालवू नका. उरलेल्या पैशांत हेल्मेट, चामड्याचे लांब हातमोजे, चार इंची ग्राइंडर, खपली काढायची (चिपिंगची) हातोडी, तारेचा ब्रश, दोन चांगल्या पकडी, गुण्या आणि भंगारातून सहा मिलिमीटर जाडीची दहा किलो पट्टी आणा. दहा किलो पट्टी कशाला, असा प्रश्न पडेल, पण शिकणे त्या पट्टीवरच होणार आहे.

गोठा_आणि_गवत

माझ्याकडे बिनगॅसचे तारेचे मशीन आहे आणि त्याने पातळ पाइपचे काम मला रॉडपेक्षा लवकर जमले. नवशिक्याने तेच का घेऊ नये, हे समजून घ्यायला आवडेल.

भोसरीकर

तुमचा अनुभव खरा आहे. बटण दाबले की तार येत राहते, अंतर सांभाळण्याचे निम्मे काम मशीनच करते, आणि पातळ पत्र्याला ती पद्धत उत्तमच आहे. मी भोसरीत तीस वर्षे फॅब्रिकेशन केले, त्यातली बरीच वर्षे गॅस वापरणाऱ्या तारेच्या मशीनवरच गेली. अडचण अशी की त्या पद्धतीत वरून सुरेख दिसणारा सांधा आत मुरलेला नसण्याची शक्यता फार असते. जाड पट्टीवर कमी करंटने तार सोडली तर धातू नुसता चिकटून बसतो, आणि नवख्या माणसाला ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. रॉडचे मशीन मात्र चूक लगेच दाखवते: करंट कमी असेल तर काडी चिकटते, जास्त असेल तर भोक पडते, अंतर वाढले तर शिंतोडे उडतात. शिकणाऱ्याला अशी लगेच बोलणारी पद्धत हवी.

शिवाय बिनगॅसच्या तारेचे रीळ एकदा उघडले की पावसाळी हवेत गंज धरते, आणि तालुक्याच्या ठिकाणी हवी ती तार प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. बारा नंबरचा रॉड मात्र बहुतेक हार्डवेअरच्या दुकानात असतो.

माळावरचे दादा, ताईंशी मी एका बाबतीत थोडा असहमत आहे. मशीन घेण्याआधी त्याच गावच्या दुकानात आठ दिवस, निदान दुपारच्या वेळी, काळी काच घेऊन शेजारी बसा. वेल्डिंग मारणाऱ्याच्या हातापेक्षा वितळलेल्या थेंबाकडे पाहा. तो थेंब कसा पसरतो आणि खपली त्याच्या मागे कशी सरकते, हे एकदा नजरेला ओळखता आले की पुढचा महिनाभराचा त्रास वाचतो.

वीजतंत्री

मशीनची चर्चा झाली, पण मला वस्तीवरच्या विजेची अधिक काळजी वाटते. बहुतेक लोक इथेच फसतात आणि दोष मशीनला देतात.

साधा हिशेब पाहा. १०० अँपिअरवर काम करताना रॉडपाशी सुमारे २४ व्होल्ट असतात, म्हणजे २४०० वॉट. मशीनमध्ये वाया जाणारी वीज आणि साध्या इन्व्हर्टरचा कमी पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) धरला तर बोर्डावरून साधारण ४००० व्होल्ट-अँपिअर ओढले जातात. २३० व्होल्टला हे सतरा अँपिअर होतात आणि तुमच्या संध्याकाळच्या १८० व्होल्टला बावीस. घरातल्या फ्रिजच्या सॉकेटवर हे चालवू नये. बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर ओढा, २५ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) बसवा, औद्योगिक सॉकेट लावा आणि अर्थिंग नव्याने तपासून घ्या.

लांब एक्स्टेंशन हे दुसरे दुखणे. समजा गोठा बोर्डापासून साठ मीटरवर आहे आणि तुम्ही १ चौरस मिलिमीटरची बारीक वायर टाकली, तर सतरा अँपिअरला त्या वायरमध्येच सुमारे पस्तीस व्होल्ट गळून जातात. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची असेल तर फक्त नऊ. आधीच १८० असताना पस्तीस गेले तर काडी पेटणारच नाही. वायर गुंडाळीतच ठेवून वापरू नये, ती तापून आवरण वितळते. काम शक्यतो सकाळी, व्होल्टेज चांगले असताना करा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. काही जण पंपाच्या स्टार्टरवरून दोन फेज घेऊन मशीन चालवतात. जुन्या मोठ्या मशीनची बांधणीच त्यासाठी होती, पण २३० व्होल्टच्या इन्व्हर्टरला दोन फेजांमधले ४१५ व्होल्ट दिले की ते क्षणात जळते. माझ्या सख्ख्या चुलतभावाने नवे मशीन पहिल्याच दिवशी असे घालवले. मशीनवरच्या माहितीच्या पाटीवर दोन्ही व्होल्टेज स्पष्ट लिहिलेली नसतील, तर तो प्रयोग करू नये.

खरेदी करताना हीच पाटी वाचून मशीनचा खरेपणाही तपासता येतो. रॉडच्या मशीनसाठी रॉडपाशी किती व्होल्ट धरायचे याचे सूत्र ठरलेले आहे: वीस अधिक अँपिअरचा पंचविसावा भाग. म्हणजे २०० अँपिअरला २८ व्होल्ट आणि ५६०० वॉट. आता पाटीवर ‘२०० अँपिअर’ लिहिले असून जास्तीत जास्त इनपुट मात्र २० अँपिअर दाखवले असेल, तर २३० गुणिले २० म्हणजे ४६०० व्होल्ट-अँपिअरच आत जातात. आत जाते त्यापेक्षा बाहेर जास्त कसे येईल? असे मशीन साधारण ११० अँपिअरचे समजून तेवढ्याच किमतीत घ्यावे.

पाटीवर टक्क्यांत एक आकडा असतो तो ड्यूटी सायकलचा. ४० अंश तापमानात, दहा मिनिटांपैकी किती मिनिटे सलग आर्क (काडी आणि लोखंड यांच्यामधली विजेची ज्योत) चालवता येईल, हे तो सांगतो. बारा नंबरचा रॉड मिनिटभराने संपतो, मग खपली काढण्यात आणि ब्रश मारण्यात दोन-तीन मिनिटे जातात. त्यामुळे शिकताना या आकड्याची चिंता नको.

माळावरची_वस्ती

सर्वांचे मनापासून आभार. भोसरीकर काकांनी सांगितल्याप्रमाणे सहा दुपारी दुकानात बसलो आणि थेंब पाहायला शिकलो. त्यानंतर पाटीचा हिशेब करून एक इन्व्हर्टर मशीन घेतले. वायर ४ चौरस मिलिमीटरची ओढून घेतली आहे. मात्र काडी पेटवायला गेलो की ती चिकटते, आणि पेटली तर रेघ अळीसारखी वर उभी राहते, बाजूला पसरत नाही. नेमका सराव कसा करावा?

संधाता_कोल्हापूर

अळीसारखी उभी रेघ म्हणजे पट्टीला पुरेशी उष्णता मिळालेली नाही. आधी पट्टी ग्राइंडरने चकाकेपर्यंत साफ करा आणि अर्थचा चिमटा, म्हणजे मशीनच्या दुसऱ्या वायरची पकड, त्या चकाकत्या भागावरच लावा. गंजावर किंवा रंगावर लावलेला चिमटा निम्म्या तक्रारींचे मूळ असतो. मग बारा नंबरला ८५ अँपिअर ठेवा.

काडी पेटवताना ठोकू नका. आगपेटीच्या काडीसारखी पट्टीवर हलकेच ओढा आणि ठिणगी दिसताच मनगट जरासे उचला. काडी चिकटली तर घाबरून होल्डर ओढत बसू नका, मनगटाला एक पीळ द्या, आणि तरीही सुटली नाही तर होल्डरची पकड दाबून काडी सोडून द्या. पेटल्यावर टोक आणि पट्टी यांत काडीच्या जाडीइतकेच, म्हणजे अडीच मिलिमीटर अंतर राहिले पाहिजे. काडी जळून आखूड होत जाते, म्हणून हात सतत खालीही यावा लागतो आणि पुढेही सरकावा लागतो. नवशिक्याला पुढे सरकणे जमते, खाली येणे विसरते. अंतर बरोबर असेल तर एकसारखा चरचर आवाज येतो आणि वाढले की ज्वारीच्या लाह्या फुटल्यासारखा तडतडतो. माझ्या वर्गात मी मुलांकडे पाठ करून उभी राहते आणि कोणाचे अंतर वाढले ते आवाजावरून सांगते. आठवडाभरात तुमचाही कान तयार होईल.

काडी सरकण्याच्या दिशेने दहा-पंधरा अंश कलती धरा, म्हणजे टोक मागच्या थेंबाकडे पाहील. दुसरा हात मोकळा ठेवू नका. डाव्या हाताने उजव्या मनगटाला आधार द्या आणि कोपर पोटाशी किंवा टेबलाला टेकवा. उभ्याने, अधांतरी हाताने सराव केला तर थरथर कधीच जाणार नाही.

पहिले चार दिवस कोणताही सांधा जोडू नका. एकाच पट्टीवर दहा सेंटिमीटरच्या सरळ रेघा मारा, प्रत्येक रेघ शेजारच्या रेघेवर तिसरा हिस्सा चढू द्या, खपली पूर्ण काढा, ब्रश मारा आणि मगच पुढची मारा. पट्टी भरली की त्याच्यावर आडवा दुसरा थर द्या. नंतर पट्टी मधोमध कापून कापलेल्या तोंडाकडे नीट पाहा. थरांच्या मध्ये काळे ठिपके असतील तर ती अडकलेली खपली आहे.

त्यानंतर दोन पट्ट्या काटकोनात उभ्या करून फक्त एका बाजूने सांधा मारा, थंड झाल्यावर शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये धरा, आणि उभी पट्टी हातोडीने सांध्याच्या बाजूला पाडा. सांधा मोडलाच पाहिजे असे नाही, पण मोडला तर आत काय दिसते ते खरे शिक्षण. दोन्ही पट्ट्यांचा धातू फाटलेला, खडबडीत दिसला तर सांधा मुरला होता. एखाद्या पट्टीवर ग्राइंडरच्या मूळ रेषा जशाच्या तशा दिसल्या तर तिथे धातू फक्त टेकला होता.

भोसरीकर

ताईंनी हाताचे सांगितले, मी जिवाचे सांगतो.

हेल्मेटची काच दहा किंवा अकरा शेडची, म्हणजे तेवढ्या काळेपणाची, हवी. आपोआप काळे होणारे हेल्मेट परवडत असेल तर जरूर घ्या, पण त्याचे सेन्सर हाताने किंवा पाइपने झाकले जाणार नाहीत याकडे लक्ष ठेवा. उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या आर्कचा त्रास लगेच होत नाही. सहा-आठ तासांनी, मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते. बटाट्याच्या चकत्या आणि दुधाच्या घड्या हे उपाय आमच्या पिढीने खूप केले. ते करण्यापेक्षा डॉक्टरांकडे जावे, आणि बधिर करणारे थेंब दुकानातून आणून स्वतःच घालू नयेत. वस्तीवर लेकरे असतात, ती उजेडाकडे टक लावून पाहतात. काम सुरू करण्याआधी ताडपत्रीचा आडोसा करा आणि पांढऱ्या भिंतीजवळ बसू नका, कारण तिच्यावरून किरण परत येतात.

जुना जीआय पाइप, म्हणजे जस्त चढवलेला, तसाच जाळू नका. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे जस्त ग्राइंडरने काढा आणि वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने बसा, म्हणजे धूर तोंडासमोर घोटाळत नाही. डिझेलचे किंवा औषधाचे रिकामे बॅरल रिकामे समजू नका, त्याला आर्क लावूच नका. अंगावर सुती कपडे घाला. पॉलिस्टरवर ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटते. ओल्या जमिनीवर उभे राहून काडी बदलू नका, पावसाळ्यात पायाखाली कोरडी फळी टाका.

ट्रॅक्टरला जोडलेल्या औजारावर काम असेल तर आधी बॅटरीची वायर काढा आणि अर्थचा चिमटा सांध्याच्या जितका जवळ लावता येईल तितका लावा. तो लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंग आतून खराब होते.

माळावरची_वस्ती

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. पुडा संपला. काटकोनातले अकरा सांधे मोडून पाहिले. पहिल्या पाचांत उभ्या पट्टीची कड कापली होती तशीच धारदार राहिली होती, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ होती. वरून मात्र तेच सांधे मला चांगले वाटले होते. करंट ९० केला, हात हळू केला आणि टोक कोपऱ्यात नेमके धरले, तेव्हा आठव्या सांध्यापासून पट्टी वाकली, सांधा सुटला नाही.

गोठ्याचे फाटकही केले. चारही कोपऱ्यांना आधी फक्त टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारले आणि दोन्ही कर्ण मोजले, तरी एक बाजू सलग पूर्ण केल्याने चौकट सहा मिलिमीटर ओढली गेली. दुसऱ्या चौकटीत समोरासमोरचे कोपरे आलटून-पालटून घेतले आणि ती गुण्यात आली. पाइप १.६ मिलिमीटरचा होता. तिथे २ मिलिमीटरचा रॉड ५० अँपिअरवर वापरला आणि एका दमात दोन सेंटिमीटरच्या पुढे गेलो नाही, त्यामुळे भोके पडली नाहीत.

एक अडचण उरली आहे. कुळवाची फास, म्हणजे मातीत चालणारे पाते, आमच्या लोहाराने ट्रकच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्यापासून केली आहे. तिला ६०१३ ने कान (दांडीला अडकवायचा तुकडा) जोडला. सांधा सुंदर आला, पण थंड होताना ‘टिक्’ असा आवाज झाला आणि सांध्याच्या कडेला केसासारखी चीर दिसली. करंटमध्ये चूक झाली का?

संधाता_कोल्हापूर

करंटची चूक नाही. कमानीच्या पाट्यात कार्बन जास्त असतो. सांध्याच्या कडेचा भाग झपाट्याने थंड झाला की काचेसारखा कडक होतो, आणि आकसणाऱ्या सांध्याचा ताण त्याला सोसत नाही. त्यात ६०१३ च्या आवरणातून धातूत हायड्रोजन उतरतो, तो चिरेला आणखी मदत करतो. ती चीर ग्राइंडरने मुळापर्यंत काढून टाका, तिच्यावरून रेघ मारून ती झाकू नका.

अशा कामाला ७०१८ चा, म्हणजे कमी हायड्रोजनचा, रॉड लागतो आणि तो कोरडाच लागतो. उघडा पडलेला रॉड ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजावा लागतो आणि घरी ते होत नाही, म्हणून हवाबंद छोटा पुडा आणून त्याच दिवशी वापरावा. होल्डर मशीनच्या धन (+) टोकाला जोडा. फास लोहाराच्या भट्टीत इतकी तापवून घ्या की तिच्यावर टाकलेला पाण्याचा थेंब टिकणार नाही, तर टुणकन उडून जाईल. ती गरम असतानाच सांधा पूर्ण करा आणि लगेच चुलीच्या कोरड्या राखेत पुरून रात्रभर ठेवा. पाण्यात बुडवू नका.

आणि ट्रॉलीच्या बिजागऱ्या जरूर करा, पण ट्रॉलीच्या हुकाला आणि दांड्याला अजून वर्षभर हात लावू नका. तो सांधा रस्त्यावर सुटला तर मागून येणाऱ्या माणसावर ट्रॉली जाते. ते काम गावच्या दुकानातच करून घ्या, आणि तिथे बसून तो माणूस किती थर देतो ते मोजा.

माळावरची_वस्ती

फास उद्या लोहाराकडे नेतो. हुकाचेही ऐकतो. राखेतून काढल्यावर चीर आहे की नाही, ते भिंगाने पाहून इथेच कळवीन.